धाकटी जाऊ उभी राहते

नंदाने ती बातमी रविवारच्या फोनवर सांगितली, आणि तीही अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता. रेणूच्या सर्दीचं झालं, तिकडच्या हवेचं झालं, लोणच्याला बुरशी आल्याचं झालं, आणि मग ती म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. मी मे महिन्यात काउन्सिलच्या निवडणुकीला उभी राहतेय."

शुभाताई अमेरिकेत, वेस्ट विंडसरला मुलाच्या घरी ओट्याशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या. फोन फळांच्या टोपलीला टेकवून ठेवला होता. "अरे वा," त्या म्हणाल्या. "छान की." मग निवडलेली पानं आणि काड्या त्या एकाच पातेल्यात टाकत राहिल्या. ते लक्षात आलं तेव्हा फोन बंद होऊन बराच वेळ झाला होता, आणि सगळी मेथी पहिल्यापासून निवडावी लागली.

नंदा त्यांची धाकटी जाऊ. मिरजेच्या घरात दोघींनी कितीतरी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली होती. शुभाताई मुलींच्या शाळेत आधी शिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका. त्या व्हरांड्यात आल्या की वर्ग आपोआप गप्प व्हायचे. नंदा बारावीपर्यंत शिकलेली, हसरी, बोलघेवडी आणि धांदरट. दूध उतू घालवायची, अर्धा विणलेला स्वेटर तीन हिवाळे तसाच ठेवायची, आणि कुणी काही म्हटलं की हसून सोडून द्यायची. गावात तिला कुणी तिच्या नावाने ओळखत नसे. ती 'बाईंची जाऊ' होती.

पुढे तिच्या नवऱ्याला इंग्लंडमध्ये नोकरी लागली आणि ते मार्लफर्ड नावाच्या बरोत जाऊन राहिले. बरो म्हणजे आपल्याकडची नगरपालिका असते, साधारण तसं. काही वर्षांनी नवरा वारला, पण नंदा तिथेच राहिली, मुलीजवळ, रेणूजवळ. तिने एका शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायची नोकरी धरली होती. अंगात पिवळा कोट, हातात काठीला लावलेली गोल पाटी, त्यावर 'थांबा' असं लिहिलेलं. मिरजेत कुणी विचारलं तर शुभाताई "ती तिकडे शाळेत असते" एवढंच सांगत. ते खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी काउन्सिलने खर्च कमी करायचा म्हणून ती जागाच रद्द केली. हिवाळ्यात त्याच वळणावर एका मुलीला गाडीने उडवलं. पायावर निभावलं, पण नंदा पेटली. ती काउन्सिलच्या बैठकांना जाऊन बसायला लागली, पालकांना गोळा करायला लागली, आणि आता अपक्ष म्हणून उभी राहत होती.

निमिषने, म्हणजे शुभाताईंच्या मुलाने, जेवताना हे ऐकलं आणि घास हातातच ठेवला. "काकू? सही यार. काकू नगरसेविका होणार?"

"उभं राहणं सोपं असतं," शुभाताई म्हणाल्या. "भात वाढू का?"

त्यांच्या पोटात काय दुखत होतं ते निमिषला कळणं शक्य नव्हतं. तो तेव्हा लहान होता. मिरजेत बायकांसाठी जागा राखीव झाल्या त्या सुमाराला एका पक्षाची माणसं घरी आली होती. बाई, तुम्ही उभ्या राहा, म्हणाली. अर्ध्या प्रभागातल्या मुली तुमच्या हाताखालून गेल्यात, तुम्हाला प्रचाराची गरजच नाही. शुभाताईंचे यजमान तयार होते. सासूबाईंनी फक्त नंदाकडे पाहिलं. सकाळची शाळा आणि त्यात दुपारच्या सभा, म्हणजे घर सगळं नंदावर पडणार होतं. नंदाच्या कडेवर रेणू होती. ती खाली बघत म्हणाली, "मला एकटीला नाही जमायचं." तेवढं पुरलं. पक्षाची माणसं दोन दिवसांनी उत्तर घ्यायला आली, चहा पिऊन गेली आणि तिकीट दुसऱ्या कुणाला मिळालं. शुभाताईंनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. पण दोरीवर कपडे वाळत घालताना त्यांनी त्या दोन दिवसांत मनातल्या मनात अख्खं भाषण रचलं होतं, आणि ते त्यांना तीस वर्षांनंतरही पाठ होतं.

बुधवारी त्या नेहमीप्रमाणे सीनियर सेंटरला गेल्या. तिथे मराठी मंडळी जमत, गप्पा होत, कुणी एखादं नाट्यगीत म्हणे. गिरीशकाका हे त्यातले सगळ्यात जुने, चाळीस वर्षांपूर्वी आलेले निवृत्त डॉक्टर. निमिषने कुठल्याशा ग्रुपवर टाकलेली बातमी त्यांनी वाचली होती. ते उभे राहिले आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "आपल्या शुभाताईंच्या जाऊबाई इंग्लंडात निवडणूक लढवतायत," ते म्हणाले. मग जो तो येऊन जाऊबाईंबद्दल विचारायला लागला. वय काय, शिक्षण काय, इंग्लिश कसं आहे. अमेरिकेत आल्यापासून शुभाताई 'निमिषची आई' झाल्या होत्या, तेही त्यांनी गिळलं होतं. आता त्या नंदाची जाऊ झाल्या. घरी परतताना आरोही, त्यांची सून, गाडी चालवत होती. तिने दोनदा विचारलं, आई, बरं वाटत नाहीये का? शुभाताई म्हणाल्या, तिथला चहा फार गोड असतो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रेणू रोज फोटो पाठवायची. नंदा दारोदार पत्रकं वाटतेय, नंदा कुत्र्याला कुरवाळतेय, नंदा एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याच्या शेजारी हसत उभी आहे. शुभाताई प्रत्येक फोटो मोठा करून बघत. साडीवर जाकीट काय घातलंय, केस किती विस्कटलेत, हसताना अजून तोंडावर हात धरते. आणि फोटोखाली अंगठा दाखवून फोन पालथा ठेवत. रात्री पडल्यावर त्यांच्या मनात एकच यायचं: हिला यातलं काहीही नको होतं. हिने कधी मागितलंही नव्हतं. ज्याने मागितलं त्याच्या ताटात काही नाही, आणि हिला आयतं वाढून आलं.

अशातच कादंबरीचा फोन आला. कादंबरी ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता मार्लफर्डलाच राहणारी, योगायोगाने नंदाच्याच प्रभागात. तिथल्या मराठी लोकांचा ग्रुप ती चालवायची. नंदाची एक छोटी सभा आपल्या घरी ठेवावी असं तिच्या मनात होतं. "पण म्हटलं आधी बाईंना विचारावं," ती म्हणाली. "तुमच्या जाऊबाई आहेत. तुम्ही आम्हाला माणसं ओळखायला शिकवलंत. तुमचं मत काय आहे, बाई?"

किती दिवसांनी कुणीतरी मत विचारलं होतं. शुभाताईंना ते फार सुखाचं वाटलं, आणि त्या सुखातच त्या बोलून गेल्या. "माणूस गोड आहे हो ती. वाईट काहीच नाही तिच्यात. पण खरं सांगू का, कुठलीही गोष्ट शेवटाला नेणं तिला जमत नाही. सुरुवात उत्साहाने करते आणि मग सोडून देते."

पलीकडून कादंबरी म्हणाली, बरं झालं विचारलं ते.

फोन ठेवून शुभाताई वळल्या तर आरोही दाराशी उभी होती. तिने ऐकलं होतं. डिशवॉशर उघडून भांडी जागेवर लावायला लागली, आणि नेहमीपेक्षा हळू लावली.

चार दिवसांनी नंदाचा फोन आला, रविवार नसताना. तिचा आवाज बसला होता. कादंबरीने सभा घ्यायची म्हटली होती आणि आता "पाहू" म्हणते, काय झालं कळत नाही. शिवाय मतदानाच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची एकत्र सभा असते, प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायला मिळतात, आणि तिला पाच मिनिटं काय बोलायचं ते सुचत नव्हतं. रस्त्यात दहा मुलांशी बोलणं वेगळं. उभं राहून लोकांपुढे बोलायचं म्हटलं की तिला शब्दच आठवत नव्हते.

"ताई, तुम्ही शिकवा ना मला," ती म्हणाली. "तुमच्यासारखं बोलायला मला कोण शिकवणार दुसरं?"

शुभाताईंनी फोन भिंतीला टेकवला, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आधी सरळ उभी राहा. आणि तोंडावरचा हात काढ."

मग रोज सकाळी, निमिष ट्रेनला आणि आरोही लॅबला गेली की, शुभाताईंचा वर्ग भरायला लागला. तिकडे दुपार असायची. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, आकडा सांगताना आवाज का चढवायचा नाही, सगळं त्या शिकवत होत्या. नंदा चुकायची, हसायची, पुन्हा म्हणायची. शुभाताई ओरडल्या की तिला बरंच वाटे. मुद्दे मराठीत ठरत आणि रेणू ते इंग्लिशमध्ये नीट करून देई. कित्येक वर्षांत शुभाताईंचा घसा इतका मोकळा झाला नव्हता. एका सकाळी भाषणाची सुरुवात काही केल्या जमेना, तेव्हा त्यांच्या तोंडून नकळत त्यांचंच वाक्य निघालं, दोरीवर कपडे घालताना रचलेलं. "तुमच्या दारावरची पाटी मला वाचावी लागत नाही. आत कोण राहतं ते मला माहीत आहे."

नंदा ऐकतच राहिली. "ताई, हे मला द्या," ती म्हणाली.

शुभाताईंना द्यायचं नव्हतं. पण नाही म्हणायला काही कारणही सुचेना. त्या म्हणाल्या, "घे." आणि लगेच, स्वतःला आवरायच्या आत, दुसरंच बोलल्या. "माझं आहे ते. त्या निवडणुकीचं. तू नाही म्हणाली होतीस तेव्हाचं."

पडद्यावर नंदाच्या मागे इंग्लंडातला पाऊस खिडकीवरून ओघळत होता.

"रेणूचं निमित्त होतं," ती मग म्हणाली. "मला जमलं असतं घर. पण आधीच सगळं गाव तुमचं होतं, ताई. सासूबाई तुमच्या, शाळा तुमची, रस्त्याने जाताना नमस्कार तुम्हाला. म्हटलं, आता नगरपालिकापण यांचीच? मला हेवा वाटला तुमचा. म्हणून नाही म्हटलं."

तिने हे अगदी सरळ सांगितलं, मीठ संपलंय म्हणावं तसं. शुभाताईंना राग यायला हवा होता. तीस वर्षं सांभाळून ठेवलेला राग होता तो. पण त्यांच्या डोळ्यांपुढे कादंबरीचा फोन आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "पुढचं म्हण," त्या म्हणाल्या. "दुसरा परिच्छेद."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कादंबरीला फोन लावला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, त्या दिवशी मी सांगितलं ते खरं नव्हतं. नंदा बारा वर्षं त्या वळणावर उभी होती, बर्फात आणि पावसात, आणि नवरा गेला तेव्हाचे दिवस सोडले तर एक दिवस चुकली नाही. शेवटाला नेत नाही असं तिच्याबद्दल कुणी म्हणू नये.

"मग तुम्ही का म्हणालात, बाई?" कादंबरीने विचारलं. तिने ते उद्धटपणे नाही विचारलं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

शुभाताईंनी ओटा पुसायचं फडकं घडी घालून ठेवलं, पुन्हा उलगडलं. चाळीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थिनीपुढे त्यांनी मान खाली घातली नव्हती. "जळले म्हणून," त्या म्हणाल्या.

कादंबरीची सभा झाली. रेणूने फोटो पाठवले, बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसलेली माणसं आणि मध्ये हातात वडापाव घेतलेली नंदा. शुभाताईंना वाटलं होतं, आता कबुली दिलीय, आता मन स्वच्छ होईल. तसं काही झालं नाही. फोटो बघताना त्यांना तेवढंच जळजळलं, फक्त आता त्यांना त्याचं नाव माहीत होतं.

चर्चमधली सभा रेणूने फोनवरून दाखवली. त्या दिवशी आरोही घरून काम करत होती. लॅपटॉप मिटून तीही शेजारी येऊन बसली. आधी दोन पक्षांचे उमेदवार बोलले, त्यातला एक कागदावरून नजर न काढता. मग नंदा उठली. निळी साडी, केस नीट बांधलेले. ती सरळ उभी राहिली, हात खाली ठेवला, थांबली. जिथे थांबायला शिकवलं होतं तिथेच थांबली. आणि तिच्या त्या मिरजेच्या इंग्लिशमध्ये म्हणाली की, तुमच्या दारावरचा नंबर मला बघावा लागत नाही, आत कोण राहतं ते मला माहीत आहे.

रेणूने पाटीचा नंबर करून टाकला होता, कारण तिकडे दारावर नावं नसतात. शुभाताईंना तो बदल अजिबात आवडला नाही. पण हॉलमध्ये टाळ्या उठल्या. मागच्या रांगेतली दोन पोरं, आता मिशा फुटलेली, कधीकाळी तिचा हात धरून रस्ता ओलांडलेली, उभी राहिली. नंदा लाल झाली. तिला टाळ्या संपायची वाट बघायला शिकवलेलं होतं, ती वाट बघत राहिली.

शुभाताईंच्या मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते. वाक्य आपलं, थांबणं आपलं, श्वासही आपला, आणि टाळ्या त्या हॉलमध्ये, त्या निळ्या साडीला. टाळ्या आपल्याला मिळाल्या असत्या तर कशा वाजल्या असत्या, ते त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"आई," आरोही हळूच म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय ना?"

"तिचंच आहे आता," शुभाताई म्हणाल्या. आणि मग न राहवून, "पण 'पाटी'च बरं होतं."

मतदान गुरुवारी झालं, मोजणी शुक्रवारी. नंदा निवडून आली, तेवीस मतांनी. तिथल्या स्थानिक पेपरने तिचा फोटो छापला आणि खाली ते नंबरचं वाक्य. बातमीदाराने विचारलं असावं की हे कसं सुचलं, कारण पुढे छापलं होतं की श्रीमती नंदा म्हणाल्या, मनातून आलं. शुभाताईंनी ते रेणूने पाठवलेल्या कात्रणात वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बेसिनमधली सगळी भांडी डिशवॉशरमध्ये न टाकता हाताने घासली.

बुधवारी सीनियर सेंटरला त्यांनी पेढे नेले. गिरीशकाकांनी पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या. शुभाताईंनी प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला, नंदाचं कौतुक ऐकलं, स्वतःही केलं. त्यात खोटं काही नव्हतं. दुखत मात्र होतं. एका बाईंनी विचारलं, तुम्हीपण असं काही केलं असतंत ना तिकडे असताना? शुभाताई म्हणाल्या, "करणार होते." त्या बाई पुढचं ऐकायला थांबल्या, पण शुभाताई पेढ्यांचा डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या.

परत येताना त्यांनी आरोहीला विचारलं, इथल्या काउन्सिलच्या मीटिंगला कुणालाही जाता येतं का? येतं, आरोही म्हणाली, आणि सोमवारी संध्याकाळी त्यांना घेऊन गेली. तासभर गटारांच्या पाइपांवर चर्चा चालली. शुभाताई तिसऱ्या रांगेत ताठ बसून राहिल्या. अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांना सातवीचा वर्ग गप्प करता आला नसता, असं त्यांचं मत झालं. निमिष कधीपासून मागे लागला होता की सिटिझनशिपचा अर्ज करू, आणि त्या म्हणत होत्या, या वयात काय करायचंय. त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, त्या अर्जाला किती दिवस लागतात? निमिषने आरोहीकडे पाहिलं. आरोहीने वरण वाढलं.

निकालानंतरचे दोन रविवार नंदाचा फोन आला नव्हता; या रविवारी आला. ती दमलेली होती, घसा बसलेला होता, आणि तरी सारखी हसत होती. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "ताई, मतदानाच्या आधीच कादंबरीने मला सांगितलं. तुम्ही आधी काय म्हणालात आणि मग काय म्हणालात, दोन्ही."

शुभाताईंनी हातातला कप खाली ठेवला.

"दोन दिवस मी फार रागावले होते," नंदा म्हणाली. "त्यातच ते पेपरवाल्याला तसं सांगितलं. तुमचं नाव घेणार होते, मुद्दाम नाही घेतलं."

"आणि आता?"

"आता निवडून आलेय ना," नंदा म्हणाली. "आता कसला राग."

ते ऐकून शुभाताईंना इतकं झोंबलं की क्षणभर काही दिसेना. ही आता मोठ्या मनाने क्षमा करणार, आणि ते तिला परवडणार, कारण ती जिंकली आहे. त्यांना फोन ठेवावासा वाटला. ठेवला नाही. त्यांनी कप बाजूला सारला, खुर्ची ओढली आणि पडद्याच्या अगदी जवळ बसल्या.

"नाव पुकारलं तेव्हा तू कुठे उभी होतीस?" त्यांनी विचारलं.

"मोजणीच्या टेबलापाशी. बॅडमिंटनचा हॉल होता, ताई, जमिनीवर अजून रेघा होत्या."

"शेजारी कोण होतं? आधी कुणाचं नाव घेतलं? तू काय केलंस? सगळं सांग. घाई करू नकोस, मला पहिल्यापासून हवंय."

आणि नंदा सांगायला लागली. तिला सांगायची हौस होतीच. टेबलं कशी मांडली होती, मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांना रबर कसे लावले होते, पायातला बूट कसा चावत होता. प्रत्येक गोष्टीनिशी शुभाताईंच्या छातीत काहीतरी खुपत होतं, आणि ती कुठे थांबली की त्या म्हणत होत्या, "मग? मग काय झालं?"